दीड अंश कमी

४ जानेवारी

ती. आत्यास,
मुंगीचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण परवा मी फोनवर मनगट कसं आहे विचारलं आणि तू गॅसचं सिलिंडर आलं म्हणून सांगितलंस. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस, तेव्हा हाच मार्ग बरा. शिवाय पत्रात तुला माझं बोलणं मधेच तोडता येत नाही.

तर मनगट कसं आहे, प्लास्टर कधी निघणार, आणि न्हाणीघरात रबराची चटई टाकलीस का? हे तिन्ही प्रश्न बाबांचे. मी फक्त पोचवले.

माझं काम वेगळंच आहे. आमच्या प्रयोगशाळेत पिल्लं वाढवायच्या खोलीतली वायरिंग बदलायला काढली आहे. दोन महिने निम्मी खोली बंद राहणार. माझ्याकडे लाव्याची चोवीस पिल्लं येतील, त्यांना जागा नाही. लावा म्हणजे कोंबडीची मुठीत मावणारी चुलत बहीण. तुझी मागची खोली रिकामी आहे, तिला दार आहे, आणि तुझ्याकडे मांजर नाही. तीन आठवडे उबेचा दिवा लागेल, मग तोही नको. दोन खोकी, दिवे, खाद्य, सगळं मी पाठवते.

प्रयोग सांगते. एकाच कळपातली अंडी घेतली. निम्मी साडेसदतीस अंशांवर उबवली, जशी उबवायची असतात तशी. निम्मी दीड अंश कमी. आई पक्षीण घरट्यावरून सारखी उठून गेली तर अंडी अशीच थोडी गार राहतात. पिल्लं दोन्हीकडे निघतात, गार अंड्यांतली जरा उशिरा. पण अंड्यात असताना ऊब कमी मिळालेलं पिल्लू पुढे आपलं शरीर चालवतं कसं? स्वस्थ बसलेलं असतानाही त्याला प्राणवायू किती लागतो, खाल्लेल्यातलं वाढीला किती जातं आणि नुसतं गरम राहण्यात किती जळतं? याला आम्ही चयापचय म्हणतो. तू पचन म्हणशील, पण ते दोन्ही एक नव्हेत.

एका खोक्यातल्या पिल्लांच्या पायात हिरव्या कड्या आहेत, दुसऱ्यातल्यांच्या पिवळ्या. कुठली कुठल्या अंड्यांतली हे सांगणार नाही. कळलं की माणूस नकळत पक्षपात करतो. दोन्ही खोक्यांना सगळं सारखं हवं. जमलं तर अधूनमधून वजन कर, पण हाताला त्रास करून घेऊ नकोस.

तुझा लोभ मी जन्मापासून गृहीत धरत आले आहे, तसाच यापुढेही धरू दे.

तुझी,
मुंगी

*

९ जानेवारी

चि. मुंगीस,
आत्याचे अ. आ.

तुझ्या वडिलांच्या तीन प्रश्नांची उत्तरं अनुक्रमे अशी: बरं आहे, वीस तारखेला, नाही.

पिल्लं पाठव. मात्र पचन आणि चयापचय यांतला फरक मला शिकवू नकोस. एकतीस वर्षं मी इस्पितळाच्या औषधखोलीत कंपाउंडर होते. पुडीत काय आहे, ती कुणाला कशासाठी चालली आहे, हे मला अर्ध्या वेळा माहीत नसायचं, आणि तरी एकाची पुडी दुसऱ्याला कधी गेली नाही. पक्षपाताची चिंता तू तुझ्या प्रयोगशाळेत कर.

वजन अधूनमधून करायचं नसतं. ते एक तर करायचं असतं किंवा नाही. निवृत्त होताना लोकांना घड्याळ देतात. मी औषधखोलीतला जुना तराजू मागून घेतला, काचेच्या पेटीतला, पितळी पारड्यांचा. ग्रॅमचा दहावा भाग दाखवतो. चौदा वर्षं मी त्याला पुसते आहे, तोलायला मात्र काही नव्हतं. दिवसातून दोनदा वजन होईल, सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेसहाला.

माझी अट एकच. मला झेपतंय का, असं कुणी विचारायचं नाही. तुझ्या वडिलांनी तर नाहीच.

बाकी क्षेम. आहे ती माया कमी होऊ देऊ नकोस, जास्तीची मागत नाही.

आत्या

*

१२ जानेवारी

चि. मुंगीस,
बाबांचे अनेक उ. आ.

तू सांगितलेली योजना पसंत आहे. चोवीस जीव, दोन दिवे, दिवसातून चार वेळा पाणी, आणि अक्काचा एक हात प्लास्टरमध्ये. पंधरा दिवस पुरे होतील. तुला जमत नाही असं मी तिला कधीच म्हणणार नाही. ते पिल्लंच सांगतील. मग ती स्वतःहून फोन करेल आणि मी गाडी घेऊन जाईन. भांडण नाही, मनस्ताप नाही.

तिची खोली तयार आहे. आधी दिलेला पांढरा रंग इस्पितळासारखा वाटला म्हणून पुन्हा रंगवून घेतली. पलंगाशेजारी धरायला दांडा बसवला. खिडकीतून रस्ता दिसतो, माणसं येताजाताना दिसतात. मी दुपारी तिथे बसून पाहिलं, दोन तास सहज जातात.

ही पिल्लं फाजील आहेत, मुख्य प्रयोगाची चाळीस तुझ्याकडेच राहणार आहेत, तेव्हा अक्काकडे काही गडबड झाली तरी तुझ्या कामाचं नुकसान नाही, असं तू म्हणालीस ते ऐकून बरं वाटलं. ही गोष्ट तिच्यापासून लपवावी हेही बरोबर.

माझं इथे उत्तम चाललं आहे. खालची खानावळ रविवारी बंद असते, त्या दिवशी ब्रेड खातो. समोरच्यांच्या गिझरचा आवाज बरोबर येत नव्हता, परवा जाऊन तपासून दिला. त्यांनी बोलावलं नव्हतं, पण पस्तीस वर्षं बॉयलर तपासलेल्या माणसाच्या कानाला राहवत नाही. तुझी आई गेल्यापासून टीव्हीचा आवाज जरा मोठा ठेवतो, घर मोठं आहे.

अक्काला एकटेपणा खातो आहे हे मला इथूनसुद्धा दिसतं. ती बोलून दाखवणार नाही, तिचा स्वभाव तसा.

तब्येतीस जप. तुझ्या पत्राची वाट पाहणाऱ्यास फार वाट पाहायला लावू नये.

बाबा

*

२२ जानेवारी

चि. मुंगीस,
आत्याचे अ. आ.

तुझी गाडी चौदा तारखेला आली. चोवीसच्या चोवीस धडधाकट उतरली. चालक म्हणाला की वाटेत एकदाही गप्प बसली नाहीत. परवा प्लास्टर निघालं. मनगट आता आतल्या बाजूला वळतं, बाहेरच्या बाजूला विचार करतं.

पिल्लू पारड्यात उभं राहत नाही. पहिला दिवस त्यातच गेला. मग पुडीच्या कागदाचा शंकू केला. पिल्लू डोकं पुढे करून आत शिरतं आणि गप्प होतं. कागदाचं वजन वजा करायचं. आता चोवीस वजनांना पस्तीस मिनिटं लागतात.

आज सकाळची सरासरी: पिवळे ३८.४, हिरवे ३३.१. खाद्य मी घालतानाही तोलते आणि उरलेलंही तोलते. खाणं दोघांचं जवळजवळ सारखं आहे. मग हे पाच ग्रॅम गेले कुठे? हिरवे रेंगाळत खात नाहीत, उधळत नाहीत, जास्त धावतही नाहीत. उलट दिव्याखालून हलत नाहीत. झोपलेल्या पिल्लांचे श्वास घड्याळ लावून मोजले, हिरव्यांचे जास्त भरले. बसल्या जागी यांची भट्टी पेटलेली आहे.

तू सांगणार नव्हतीस, म्हणून मी विचारत नाही. फक्त कळवते की हिरवे तुझे गार अंड्यांतले आहेत.

आता काम. हिरव्यांचा दिवा मी वीतभर खाली घेऊ का? नऊ नंबरचा फारच लुकडा आहे आणि सारखा माझ्या बोटाला चिकटतो. परवानगीशिवाय घेणार नाही.

तुझे वडील रोज फोन करून मी दमले का विचारतात. अट मोडली म्हणून रागवावं, तर त्याच्या आवाजात इतकी आशा असते की मलाच वाईट वाटतं.

आशीर्वाद आहेतच, उत्तर लवकर पाठवलंस तर त्यात भर घालीन.

आत्या

*

२५ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा अंदाज बरोबर की चूक ते मी सांगणार नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हा मी उभी होते, मग बसले, एवढंच सांगते.

दिवा खाली घेऊ नकोस. वाईट वाटतं हे कळतं. पण एका खोक्याला ऊब जास्त मिळाली की पुढचा फरक अंड्यातल्या गारव्याचा की तुझ्या दिव्याचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. पाठवण्याआधी आम्ही प्रत्येक पिल्लाला तासभर बंद डब्यात बसवून त्याने किती प्राणवायू वापरला ते मोजलं आहे. शेवटी पुन्हा मोजू. मधल्या काळात दोघांना एकाच मापाने वागवायचं.

आणि आत्या, एवढं बारकाईने नको करू. श्वास वगैरे मोजण्याची गरज नाही. वजन दोन दिवसांआड केलंस तरी चालेल. खरंच चालेल. तू पहाटे उठून या पिल्लांसाठी हात दुखवून घेतेस या विचाराने मला इथे बरं वाटत नाही. त्याचं कारण पत्रात लिहिण्यासारखं नाही.

लायकीपेक्षा जास्त लोभ मिळतो आहे, तो सध्या तसाच असू दे.

मुंगी

*

२९ जानेवारी

चि. मुंगीस,
आत्याचे अ. आ.

परवा, सत्तावीस तारखेला, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला. वीज आली संध्याकाळी सहा चाळीसला. बाहेर चार अंश होते.

घरात गरम पाण्याच्या रबरी पिशव्या दोन. एक या खोक्यात, एक त्यात. सलाइनच्या जुन्या काचेच्या बाटल्या आठ होत्या, चार इकडे, चार तिकडे. दर वीस मिनिटांनी पाणी बदललं. दोन्ही खोक्यांत थर्मामीटर ठेवला. दोन्हीकडे सारखाच, आधी चोवीस, मग बावीस. पिवळे एकमेकांत घुसून झोपले. हिरवे कापत होते. एक वाजता तीन नंबर आणि नऊ नंबर आडवे झाले.

तुझं पत्र त्याच सकाळी आलं होतं. टेबलावर उघडं होतं. एकतीस वर्षांत डॉक्टरने लिहिलेला डोस मी माझ्या मनाने बदललेला नाही. एकदाच बदलावासा वाटला होता, नाही बदलला. ती हकीकत तुला सांगणार नाही.

नऊ नंबर एक पस्तीसला गेला. तीन नंबर दोन वाजता.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी उरलेले दहाही हिरवे स्वेटरच्या आत घेतले, वरून शाल गुंडाळली आणि स्वयंपाकघरात शेगडी पेटवून तिच्याशेजारी बसले. साडेचार तास. पिवळ्यांना काही केलं नाही, त्यांना गरज नव्हती. बाकी सगळे वाचले. स्वेटर धुवायला टाकला आहे.

तर दोन दहाला प्रयोग माझ्या हातून मोडला. वहीत तो लाल शाईने लिहिला आहे, वेळेसकट. त्याआधीचे आकडे चोख आहेत. त्यानंतरचे धरू नयेत, हिरव्यांना माझी ऊब मिळाली आहे. पश्चात्ताप झाला असता तर तोही लिहिला असता.

वजनं चालू आहेत. दोघं कमी म्हणून लवकर होतात, हे मला आवडत नाही.

आत्या

*

३१ जानेवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

मुंगीने तुझं पत्र मला फोनवर वाचून दाखवलं. माझी झोप उडाली आहे. उकळतं पाणी काचेच्या बाटल्यांत भरणं हा शुद्ध वेडेपणा आहे. बाटली फुटली असती तर? तुझं वय चौऱ्याहत्तर, मनगट नुकतंच जुळलेलं, आणि तू पेटत्या शेगडीजवळ लोकरीत पाखरं भरून बसतेस. बॉयलरजवळ असं कुणी बसलं असतं तर मी कारखाना बंद केला असता.

आणि कशासाठी? अक्का, आता स्पष्टच सांगतो. ती पिल्लं गणतीतच नव्हती. मुंगीची खरी चाळीस तिच्याकडे सुखरूप आहेत. तुझ्याकडची फाजील होती. दोन मेल्याने कुणाचंही काही अडलेलं नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. तुला एकटीला हा व्याप झेपत नाही हे तुझं तुलाच कळावं, आणि तू माझ्याकडे राहायला यावंस, एवढ्यासाठी आम्ही दोघांनी ते केलं. तुझ्या भल्यासाठीच.

रविवारी चारच्या सुमारास गाडी घेऊन येतो. दोन बॅगा भरून ठेव. जड काही उचलू नकोस.

राग धरू नये. तुझ्याशिवाय मला रागावणारं तरी कोण उरलंय.

तुझा,
भाऊ

*

३ फेब्रुवारी

सकाळी साडेसहा.
पिवळी कडी, बारा पिल्लं: सरासरी ९४.७.
हिरवी कडी, दहा पिल्लं: सरासरी ८६.२.
खाद्य: दोन्हीकडे दर पिल्लामागे सारखं.
दिवे काल काढले.

फाजील पिल्लांची माहिती फाजील कागदावर पाठवली आहे.

*

७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शिरसाष्टांग नमस्कार, या वेळी पूर्ण लिहिलेला.

तुझा कागद मिळाला. त्यावर आशीर्वाद नव्हता. जन्मात पहिल्यांदाच नव्हता.

बाबांनी लिहिलं ते खरं आहे. वायरिंगही खरी होती, जागेची अडचणही खरी होती, पण पिल्लं शेजारच्या विभागातही ठेवता आली असती. बाबांची काळजी होती, आणि मी स्वतःला पटवलं की यात सगळ्यांचंच भलं आहे. तुला त्रास व्हावा अशी योजना मी केली. मग तू वजनं पाठवू लागलीस. प्रत्येक पत्रागणिक मला वाटायचं की आता सांगावं, आणि प्रत्येक पत्रात मी तुला जरा कमी काम करायला सांगितलं. धैर्याच्या जागी मी तेवढंच करू शकले.

आता पुढचं ऐक. तुला यातून समाधान मिळालं तर मिळू दे. माझी चाळीस खरी पिल्लं बाद झाली.

दोन्ही गटांची वाढ सारखी येत होती. अंड्यातल्या उबेचा पुढे काहीच परिणाम होत नाही, असा निष्कर्ष मी लिहायला घेतला होता. मग वायरिंगवाल्याने सहज विचारलं की या एकाच हीटरचं बटण इतकं झिजलेलं कसं. आमचे मदतनीस काका, पक्ष्यांना दाणापाणी करणारे, ते तिथेच उभे होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की गार अंड्यांतली पिल्लं कुडकुडतात, म्हणून घरी जाताना ते त्यांचा हीटर दोन घरं वाढवतात आणि सकाळी आम्ही यायच्या आत उतरवतात. पहिल्या दिवसापासून. त्यांना वाटलं होतं की हे सगळ्यांना माहीत असेल. मला त्यांच्यावर रागावताही आलं नाही. तू केलंस तेच त्यांनी केलं. फक्त त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही.

तेव्हा चौदा तारखेपासून सत्तावीस तारखेला दुपारी दोन दहापर्यंतचे तुझे आकडे, एवढंच या प्रयोगातलं विश्वासाचं उरलं आहे. दीड महिन्यात समितीपुढे उभं राहायचं आहे. दाखवायला काही नसेल तर माझी शिष्यवृत्ती तिथेच संपते.

वही मागायचा मला अधिकार नाही, म्हणून मी मागत नाही. माझ्या गाईडबाईंनी मागितली आहे, एवढं कळवते.

लोभ मागण्याची ही वेळ नाही.

मुंगी

*

१४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
बाबांचे अनेक उ. आ.

पत्ता पाहून चकित होऊ नकोस. मी अजून अक्काकडेच आहे. रविवारी पोचलो तेव्हा बॅगा भरलेल्या नव्हत्या. तिने दार उघडलं, घड्याळ पाहिलं आणि हात धुऊन ये म्हणाली, कारण साडेसहाच्या वजनाला दोन तास होते आणि पिंजऱ्याची सफाई राहिली होती. तेव्हापासून मी सफाईला आहे.

पहिले दोन दिवस ती माझ्याशी पिल्लांपलीकडे एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी धीर करून विषय काढला. म्हटलं, अक्का, तिकडे खोली तयार आहे. तिने काटा स्थिर होऊ दिला, वजन लिहिलं, आणि म्हणाली, "रिकामी खोली तुझ्याकडे आहे भाऊ, माझ्याकडे नाही." मी म्हटलं, तेच तर केव्हापासून सांगतो आहे, नवा रंगसुद्धा दिला. यावर तिने वही मिटली आणि मला चहा दिला. तिच्या मनात काय असतं ते कळणं कठीण.

इथली व्यवस्था अगदी बेभरवशाची आहे. पुन्हा वीज गेली तर? मी पत्र्याचे दोन ट्रे करून घेतले, त्यांत वाळू भरली. गॅसवर वाळू तापवली की तीन तास ऊब राहते, मी मोजली. पिल्लांना आता पिसं आली आहेत आणि उबेची गरज नाही, असं अक्का म्हणते. पण तयारी असावी.

तिला दोन दिवसांत घेऊन परतायचं होतं. पण सध्याच्या स्थितीत पिल्लांना सोडून जाणं बरोबर नाही. माझा तपकिरी स्वेटर, दाढीचं सामान आणि घरातल्या चपला समोरच्यांकडून मागवून पाठव. सात नंबरचा हिरवा आजकाल माझ्याकडूनच पाणी पितो.

तुझ्या चुकीबद्दल मी तिच्याकडे शब्द टाकला आहे. माझ्या चुकीबद्दल तू टाकावास.

बाबा

*

१८ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. आ.

वही रजिस्टर पोस्टाने आजच रवाना केली. मिळाल्याची पोच दे.

मला राग आला होता. लपवत नाही. मला झेपत नाही हे सिद्ध करायला तुम्ही दोघांनी पाखरं पाठवलीत. तुझ्या वडिलांचं मी समजू शकते. त्याला एक सरळ वाक्य बोलायला साठ वर्षांत जमलेलं नाही, तो बॉयलरशी बोलतो. तू मात्र बोलू शकली असतीस.

पण खरं सांगायचं तर मला त्याचाही एवढा राग नव्हता. फाजील या शब्दाचा होता. नऊ नंबर माझ्या तळहातावर गेला. त्याने शेवटी चोच दोनदा उघडली. तो गेला तेव्हा मी तुझ्या पत्रातल्या ओळीचा मान राखून काही न करता बसले होते, आणि ती ओळ तू, कुणाच्याच गणतीत नसलेल्या पिल्लाबद्दल, मला खरं सांगता आलं नाही म्हणून लिहिली होतीस. हे एकदा लिहायचं होतं. लिहिलं. पुन्हा काढणार नाही, तूही काढू नकोस.

आता कामाचं. तुझ्या निबंधात तीन आणि नऊ नंबर मेले असं नंबरासकट लिहायचं. 'काही पिल्लं दगावली' असं नको. दोन दहाची नोंदही जशीच्या तशी जाऊ दे. माझं नाव नसलं तरी चालेल, वेळ असली पाहिजे.

तुमच्या मदतनीस काकांना माझा नमस्कार सांग, आणि लाल शाईची एक बाटली घेऊन दे.

क्षमेचं मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. तोवर आशीर्वाद चालू केले आहेत.

आत्या

*

२० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दहा तारखेला पक्षी पोचले. बावीसही सुखरूप. लगेच सगळ्यांना पुन्हा डब्यात बसवून प्राणवायू मोजला, आणि मग गाईडबाईंनी कपाटातलं पाकीट फोडून कुठली कडी कुठल्या अंड्यांची ते सर्वांसमोर वाचलं. हिरवे गार अंड्यांतले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

चार दिवसांची असताना हिरवी पिल्लं स्वस्थ बसूनही, वजनाच्या मानाने, पिवळ्यांपेक्षा पाचवा हिस्सा जास्त प्राणवायू वापरत होती. आता फरक कमी झाला आहे, पण गेलेला नाही. तुझ्या खाद्याच्या आणि वजनाच्या आकड्यांनी बाकीचं सांगितलं. खाणं तेवढंच, वाढ कमी, मधलं सगळं भट्टीत. बावीस पक्षी म्हणजे फार नव्हेत, आणि सत्तावीस तारखेनंतरची वाढ मी हिशेबात धरलीच नाही, त्यामुळे निष्कर्ष जपूनच मांडला. पण तो उभा राहतो.

काल समिती झाली. सगळ्यांत ज्येष्ठ आणि सगळ्यांत खडूस सदस्यांनी विचारलं की पिल्लं वाढवली कुठे. मी बाह्य केंद्रात म्हणाले. केंद्राचे प्रमुख कोण, असं त्यांनी विचारलं. एक निवृत्त कंपाउंडर, मी म्हटलं. सभागृहात थोडं हसू झालं. त्यांनी वही मागितली, लाल शाईचं पान उघडलं, आणि ते वाचत असताना हसू आपोआप थांबलं. त्यांनी वही मिटून परत दिली आणि म्हणाले की आपल्याकडच्या वह्यांत असं पान त्यांनी पाहिलेलं नाही, आणि याचा अर्थ आपल्याकडे चुका होत नाहीत असा घ्यायचा का. माझी मुदत एक वर्षाने वाढली.

तीन आणि नऊ नंबरासकट लिहिले आहेत.

आता एक विचारायचं आहे. पक्ष्यांना जाऊन दहा दिवस झाले. बाबा अजून घरी परतलेले नाहीत. समोरच्या काकू म्हणतात दाराशी वर्तमानपत्रांचा ढीग लागला आहे. फोन केला तर बाबा कामात आहेत म्हणतात. कसल्या कामात? तुला त्यांचा त्रास होत असेल तर स्पष्ट लिही, मी येऊन घेऊन जाईन.

जो लोभ परत चालू झाला आहे, तो आता मी जपून वापरीन.

मुंगी

*

२६ मार्च

चि. मुंगीस,
आत्याचे अ. आ.

समितीचं वाचून बरं वाटलं. तुझ्या वडिलांनी ते पत्र शेजारच्या दोन घरांत वाचून दाखवलं. 'केंद्राचे प्रमुख' हा भाग दोनदा.

पक्षी गेले त्या दुपारी त्याने बॅग भरली. नीट, घड्या घालून. मग त्याला स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना दिसला. असा नळ सोडून जाणं जबाबदार माणसाला शोभत नाही, म्हणाला. नळ दुरुस्त व्हायला दोन दिवस लागले. मग जिन्यातला दिवा. मग माळ्यावरची पाण्याची टाकी, ती त्याने आतून घासली आणि माझ्याशी तास-दीड तास तिच्याबद्दल बोलला. बॅग भरलेलीच आहे. रोज सकाळी तीतून एक कपडा काढतो, रात्री धुऊन वाळत घालतो आणि दुसऱ्या दिवशी परत ठेवतो. राहायला आलो आहे असं तो कबूल करणार नाही, आणि मी विचारणार नाही. त्याला आता दोन वेळा गरम जेवण मिळतं. टीव्ही त्याने अजून लावलेला नाही.

तू येऊन त्याला घेऊन जायचं काढू नकोस. मला एकटीची सवय होती, आवडही होती, आणि तो सकाळी सहाला खाकरतो ते मला मुळीच आवडत नाही. तरी राहू दे.

अडचण एवढीच की घर लहान आहे. टाकी झाली, जिना झाला, परवा खिडक्याही संपल्या. काल सकाळी तो बॅगेजवळ जाऊन नुसता उभा राहिला. करण्यासारखं काही सापडत नव्हतं. मग तो बाजारात गेल्यावर मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागच्या दाराच्या बिजागरीचे चारही स्क्रू सैल केले. मनगट आता दोन्ही बाजूंना वळतं.

आज सकाळपासून तो दाराशी आहे. हे दार कुणी बसवलं असेल त्याला शिव्या देतो आहे आणि बिजागऱ्या सगळ्याच बदलाव्या लागतील म्हणतो. आठवडा जाईल. त्यानंतर माळ्याची शिडी आहे.

यातलं काही त्याला कळू देऊ नकोस. माणसाच्या भल्यासाठी त्याच्यापासून एखादी गोष्ट लपवणं तुला जमतं, हे मला माहीत आहे.

आत्या